गाळलेला आकडा

माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्काने, आपल्या हाडांचा इतिहास कापडी बांधणीत जतन केला आहे. ती पुस्तकबांधणीचा व्यवसाय करते. बारा वर्षांपूर्वी तिच्या तळपायाचे हाड प्रथम तडकले, तेव्हापासूनचा प्रत्येक तपासणी-अहवाल तिने जुळवला, शिवला आणि त्यावर सोनेरी अक्षरांत ‘हाडे : खंड पहिला’ असे उमटवले. दुसरा खंड निघू नये, अशी आम्हां सर्वांची प्रार्थना. त्यावर अक्का म्हणे, “पाय माझे, प्रकाशन माझं. तुम्ही आपलं परीक्षण लिहा.”

बारा वर्षांत हाड पाच वेळा तडकले. ना पडणे, ना ठेच. केवळ कागद कापण्याच्या यंत्रापाशी उभे राहिल्याने. अखेर हाडांच्या डॉक्टरांनी निदान केले की वयोमानाने हाडे झिजत आहेत, आणि झीज थांबवणारे, वर्षातून एकदा घ्यायचे इंजेक्शन ठरवले. गुरुवारी सकाळी ते द्यायचे होते. त्यानंतर आपण पुन्हा यंत्रापाशी उभे राहू, या आशेवर अक्काने सहा महिने बसून काढले होते. आणि अक्काला बसवणे म्हणजे वाऱ्याची मोट बांधणे.

इंजेक्शनापूर्वी रक्त तपासायचे असते. अक्का रक्त देते ते फक्त माझ्या हाती, कारण एका तपासणी केंद्राचा मी मुख्य तंत्रज्ञ आहे आणि, तिच्या मते, ‘घरचा डास’ आहे. बुधवारी सकाळी मी रक्त घेतले. तासाभराने आमची तरुण सहकारी, जिला सगळे चिमणी म्हणतात, अहवाल घेऊन आली.

“सर, अल्कलाइन फॉस्फटेज चौदा. बाण खाली दाखवतोय.”

“यंत्राला येऊन पंधरा दिवस झालेत. शिकेल हळूहळू.”

“ते शिकूनच आलंय, सर. आपल्याच छापील अहवालावर खालची मर्यादा नाहीये.”

ती नव्हती, हे खरे. आणि ती का नव्हती, हे माझ्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. अठरा वर्षांपूर्वी अहवालाचा तो नमुना मीच आखला होता. रकाना अरुंद होता, दोन आकडे मावत नव्हते. अल्कलाइन फॉस्फटेज हे रक्तातले द्रव्य यकृताच्या किंवा हाडांच्या विकारात वाढते, म्हणून वाढले की पाहायचे. कमी असणे हा काही आजार नव्हे, असा युक्तिवाद मी बैठकीत पाऊण तास केला आणि जिंकलो. वाद जिंकणे आणि बरोबर असणे यांत अंतर असते, हे तेव्हा मला मान्य नव्हते.

बुधवारीही मी प्रथम वादच घातला. जांभळ्या टोपणाच्या नळीतले रसायन रक्त गोठू देत नाही, पण हे द्रव्यही निकामी करते. तेव्हा नळी चुकली असणार! परंतु मग कॅल्शियमही घसरायला हवे होते, आणि ते जागच्या जागी होते. रक्त मीच घेतले होते, नळीही मीच निवडली होती. पुन्हा तपासले. चौदा.

तेव्हा मी कपाटातला जाड ग्रंथ काढला. हे द्रव्य वाढण्याची कारणे सात पाने भरून होती, कमी होण्याची एका पानात आटोपली होती. त्या पानाच्या तळाशी एक दुर्मिळ आनुवंशिक विकार होता. हे द्रव्य जन्मतःच पुरेसे तयार होत नाही, म्हणून खनिज हाडांत नीट बसत नाही. दुधाचे दात फार लवकर, मुळासकट पडतात. पुढे नुसत्या उभे राहण्याने तळपायाची हाडे तडकतात. अक्काचे पुढचे दात तिसरे वर्ष लागण्याआधी पडले होते. ‘पोरीने म्हातारपण आधी उरकून घेतलं,’ ही आमच्या मामाची थट्टा घरात चाळीस वर्षे चालली. पानावरचे शेवटचे वाक्य मात्र थट्टेचे नव्हते : झीज थांबवणारी नेहमीची औषधे अशा हाडांना अपायकारक ठरू शकतात.

आमच्याकडे जुने अहवाल पाच वर्षेच राहतात. बाराही वर्षांचे एकाच ठिकाणी होते. मी अक्काच्या कारखान्यात गेलो. ती उंच स्टुलावर बसून एका जाड वहीच्या जुजा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवत होती.

“अक्का, तो हाडांचा खंड काढ.”

“आज वाचनाची हुक्की कशी आली? उद्या गडबड आहे, परवा ये.”

“आत्ता.”

माझा आवाज ऐकून तिने फळीकडे बोट केले. मी पाने उलटत गेलो. सोळा, तेरा, पंधरा, सोळा, चौदा. प्रत्येक आकड्याखाली माझी वळणदार सही आणि लाल शाईने ‘ठीक’.

“उद्याचं इंजेक्शन घेऊ नकोस.”

तिची सुई थांबली. “सहा महिने वाट पाहिलीय मी, छोट्या. माझं यंत्र दुसऱ्यानं चालवताना बघत बसलेय. आणि तू ऐन वेळी माशी शिंकल्यासारखं बोलतोस?”

“तुझं हाड झिजतच नाहीये. ते मुळात नीट घट्ट होत नाहीये. निदान मला तसं वाटतंय. खळ पातळ असली की पुठ्ठा कितीही दाबलास तरी धरत नाही ना, तसं. डॉक्टर झीज थांबवतील. पण खोट खळीत असेल तर?”

“मग बारा वर्षं कोणाला दिसलं कसं नाही?”

“छापील अहवालावर खालचा आकडाच नाही.”

“कोणी गाळला?”

“मी.”

“आणि हे लाल ‘ठीक’?”

“तेही मीच.”

तिने दोरा दातांनी तोडला, जे ती इतरांना कधी करू देत नाही. मी समर्थनार्थ तीन मुद्दे तयार करून आलो होतो. त्यांतला एकही उच्चारावासा वाटला नाही.

“मी पाचवीत, तू दुसरीत,” ती अखेर म्हणाली, “आणि माझ्या वहीतली वेलांटी दुरुस्त करायचास. जगाच्या चुका काढल्यास मेल्या, आणि नेमकी माझ्याच वेळेला झापड आली?”

“आली.”

“पुढे ‘परंतु’ नाही?”

“नाही.”

“मग खरंच गंभीर दिसतंय.” तिने नाक पुसले. “चहा घे. तोंड बघ, जसा काही पाय तुझाच मोडलाय.”

गुरुवारी आम्ही इंजेक्शनाच्या वेळेलाच गेलो, खंड काखोटीला मारून. डॉक्टरांनी आकड्यांवरून बोट फिरवले, मग पुन्हा पहिल्यापासून.

“हे कोणाच्या लक्षात आलं?”

“माझ्या भावाच्या,” अक्का म्हणाली आणि टेबलाखालून माझ्या पायावर तिने पाय दाबला. तडकण्याचा धोका तिच्याच पायाला होता, म्हणून मी हललोही नाही; पण बोललो. “बारा वर्षं लक्षात न आलेला इसमही मीच.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “मग आपण दोघं. माझ्या फाइलमध्येही हेच कागद आहेत. मी ‘ठीक’ वाचायचो आणि पान उलटायचो.” त्यांनी इंजेक्शनाची चिठ्ठी फाडली. जनुकाची तपासणी बाहेरगावी पाठवावी लागेल, उत्तराला सहा आठवडे लागतील, तोवर झिजेवरचे कोणतेही औषध नको. आणि निदान ठरले तर उपचार कितपत लागू पडेल, याचे वचन आपण देऊ शकत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

“म्हणजे यंत्रापाशी उभं राहणं लांबलं,” अक्का जिना उतरताना म्हणाली. तिने माझा दंड घट्ट धरला होता.

“लांबलं.”

“पण आणखी मोडायचं टळलं.”

“बहुतेक.”

“बहुतेक म्हणे! एकदा तरी माझ्या सुखासाठी खोटं बोल.” दोन पायऱ्या उतरून ती थांबली. “माझ्यासारख्या आणखी किती जणांना ‘ठीक’ म्हणालास?”

“ठाऊक नाही. जुन्या नोंदी पाहाव्या लागतील.”

“चल मग. नाहीतरी मला बसूनच काम करायला सांगितलंय.”

तपासणी केंद्रात येऊन ती माझ्या खुर्चीत बसली. चिमणीने पाच वर्षांतल्या कमी आकड्यांची नोंद संगणकावर काढून दिली. अक्का क्रमांक आणि आकडा वाचे, मी कॅल्शियम पाही. तेही घसरलेले असले तर नळी चुकल्याचे समजून ओळ खोडी. दिवस मावळेपर्यंत चाळीसांतल्या तीन ओळी उरल्या. त्यांतली एक चार वर्षांच्या मुलीची होती.

“लाव फोन.”

“काय सांगू? अजून काहीच सिद्ध नाही.”

“तेच सांग. काही सिद्ध नाही, पण पुन्हा पाहायला हवं, आणि चूक आमची. घाबरवू नकोस, आणि निबंध वाचू नकोस.”

पलीकडे एका बाईचा आवाज आला. मी नाव सांगितले, केंद्राचे नाव सांगितले. अक्काने खुर्ची जवळ ओढली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

“ताई,” मी म्हणालो, “तुमच्या मुलीच्या अहवालावर मी ‘ठीक’ लिहिलं होतं. ते मला पुन्हा तपासायचंय.”