देवाची किल्ली

भिवाजीच्या घरात एक नियम होता आणि तो कोणी घातला हे कोणालाच ठाऊक नव्हतं. घरात लोखंडाची वस्तू जोडीनं आली, की त्यातली एक देवाची. दोन विळे आणले तर एक खंडेनवमीला पुजून देव्हाऱ्याखालच्या फळीवर जायचा आणि वर्षभर तिथंच राहायचा. कुदळीचं तसंच, कुऱ्हाडीचंही तसंच. त्यामुळं रस्त्याकडेची जमीन बिल्डरला गेली, दारात एक जुनी पण चकचकीत पांढरी गाडी आली आणि तिच्याबरोबर दोन किल्ल्या आल्या, तेव्हा विचार करायचं कारणच नव्हतं. एक भिवाजीच्या बंडीच्या खिशात गेली, दुसरी खंडोबाच्या टाकाशेजारी. खंडोबा घोड्यावरचा देव, त्याला गाडीची किल्ली कशाला, असं कोणी विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात गाडीनं मान टाकली. पिरंगुटच्या घाटात चढावरच बंद पडायची, मग जरा विसावा घेऊन आपणहून चालू व्हायची. भूगावच्या एकनाथ मेकॅनिकनं प्लग बदलले, फिल्टर बदलला, पेट्रोलची नळी फुंकून पाहिली. शेवटी त्यानं कुठलंसं मशीन आणून गाडीला जोडलं आणि डॅशबोर्डखालून एक चपटा डबा काढला.

“हा गेलाय, आण्णा. ईसीएम. गाडीचा मेंदू म्हना.”

भिवाजीनं डबा उलटसुलट करून पाहिला. ना कुठं भोक, ना कुठं तेल. “ह्यो तर नवा कोरा दिसतोय की. गेला म्हंजी कुटं गेला?”

“आतनं जळलाय. दिसत न्हाई ते. नवा मागवतो. आन हे बघा, गाडी घ्यायला येताना दोन्ही किल्ल्या आना. नव्या डब्याला किल्लीची वळख करून द्यावी लागती.”

घरी येईपर्यंत भिवाजी यावरच विचार करत होता. डब्याला किल्लीची ओळख! म्हणजे काय चहापोहे करायचे? आणि कुलूप उघडायला एक किल्ली पुरते, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं. शिवाय दुसरी किल्ली देवाची. ती भूगावात नेऊन एकनाथच्या ग्रीसच्या हातात द्यायची? त्यानं एकच किल्ली नेली. एकनाथनं विचारलं तेव्हा म्हणाला, “दुसरी वापरात न्हाई.” एकनाथनं खांदे उडवले, मशीन लावलं आणि गाडी अशी चालू झाली, की भिवाजीला देव पावल्यासारखं वाटलं.

त्याच आठवड्यात सुनेला नोकरी लागली. पल्लवी नर्स. बावधनच्या एका दवाखान्यात सकाळची पाळी. नवरा जयसिंग लांब पल्ल्याच्या ट्रकवर, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. पण बायकोला गाडी शिकवून, लायसन काढून देऊन मगच तो गेला होता. वाडीवरून निघणारी पहिली एसटी वेळेत पोचत नव्हती. तेव्हा पल्लवीनं सरळ सांगितलं, गाडी नेता आली तर इथून येऊन-जाऊन करीन, नाहीतर बावधनला खोली घेऊन मृण्मयीला बरोबर नेईन. मृण्मयी तिची चार वर्षांची लेक. ती दुपारी भिवाजीच्या पोटावर डोकं ठेवूनच झोपायची, आणि पोटाला रग लागली तरी तो कुशीवर वळायचा नाही. ती पोर घरातून गेली तर दुपारी करायचं काय, हा विचार त्याला सोसवत नव्हता. त्यामुळं त्यानं मोठ्या मनानं गाडी न्यायची परवानगी दिली. स्वतःची किल्ली मात्र दिली नाही. घरच्या मालकाच्या खिशात गाडीची किल्ली नसेल तर खिशाला अर्थ काय?

तोड त्याच्या बायकोनं, पारूनं काढली. तिनं देव्हाऱ्यातली किल्ली उचलली, हळदकुंकू लावलं आणि सुनेच्या हातात ठेवली. “देवाची किल्ली हाय. देव संगं राहील तुज्या.”

सोमवारी पहाटे पल्लवीनं किल्ली फिरवली. गाडी घरघरली, पण पकडेना. पुन्हा घरघरली. डॅशबोर्डवर किल्लीच्या चित्राचा बारका दिवा मिचमिचत राहिला. भिवाजी दात घासत बाहेर आला. “सरक बरं जरा,” म्हणून सुनेला पलीकडच्या सीटवर बसवलं, तिची किल्ली काढून तिच्या मांडीवर टाकली, खिशातली आपली लावली आणि फिरवली. गाडी लगेच चालू! एकदा स्टिअरिंगवर बसल्यावर उतरतो कशाला? बावधनपर्यंत त्यानंच नेली, आणि पाळी सुटल्यावर आणायलाही तोच गेला.

मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. पल्लवीच्या हातात गाडी नुसती रडायची, सासऱ्याच्या हातात हसायची. वाडीवरच्या बायका पाण्याला जाताना मुद्दाम थांबून बघायला लागल्या.

“मामा, गाडीतच काहीतरी बिघाड आहे,” पल्लवी सासऱ्याला म्हणाली. “एकदा एकनाथला दाखवा.”

“नाचता येईना अंगण वाकडं,” पारू आतूनच बोलली. “ह्यांच्या हातात बरी चालू व्हती ती?”

पल्लवी मनाशी उजळणी करायची. क्लच नीट दाबते, गिअर मोकळा ठेवते, जयसिंगनं शिकवलं तसंच सगळं करते. मग चुकतं कुठं? रात्री ती रिकाम्या हातानं हवेत किल्ली फिरवून बघायची. हाताला काही असतं का खरंच, असंही तिच्या मनात येऊन गेलं, आणि आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

भिवाजीही बुचकळ्यात पडला होता. सुनेच्या हातात गाडी चालू व्हावी, पोर घरात राहावी, हे त्याला अगदी मनापासून हवं होतं. पण आपल्या हातात गाडी चालू झाली की छाती अर्धी वीत फुगायची, तेही खरं. दोन्ही खरं कसं असेल, हे त्याला उलगडत नव्हतं, म्हणून त्यानं विचार करणं सोडून दिलं.

शनिवारी चांदणी चौकात त्यानं एका टेम्पोला गाडी घासली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कुणाला लागलं नाही. घरी आल्यावर दारात उतरून पल्लवी म्हणाली, “मामा, तुम्ही रोज असं सोडायला येणं काही खरं नाही. माझ्या हातानं गाडी चालत नाही. सोमवारी मी बावधनला खोली बघते.” मग आत जाऊन तिनं देवाची किल्ली सासूपुढं ठेवली. पारूनंही ती देव्हाऱ्यात परत नेली नाही, खिडकीतच टाकली. रुसलेली वस्तू देवापाशी कशी ठेवायची, अशी तिला शंका होती.

रविवारी ऊन चढल्यावर गाडी आंब्याच्या सावलीत घ्यावी म्हणून भिवाजी निघाला. खोलीच्या विचारानं डोकं जाग्यावर नव्हतं. खिडकीत दिसली ती किल्ली त्यानं उचलली, गाडीत बसला, फिरवली. गाडी घरघरली आणि गप्प झाली.

आता आपलाही हात गेला? त्यानं हात धोतराला पुसला, खंडोबाचं नाव घेतलं, पुन्हा फिरवली. दिवा मिचमिचला, गाडी रडली. मग त्यानं हातातल्या किल्लीकडं बघितलं. तिला कुंकू होतं. खिशातली काढून लावली. गाडी चालू. बंद करून पुन्हा देवाची लावली. बंद ती बंदच. असं तो घामाघूम होईपर्यंत करत राहिला, आणि मग त्यानं एकनाथला फोन लावला.

“म्हनून तर दोन्ही आना म्हन्लो हुतो!” एकनाथ फोनवर ओरडला. “नवा डबा तुमच्या येकाच किल्लीला वळखतो. दुसऱ्या किल्लीनं तुमी चालवा न्हाईतर कलेक्टरनी चालवा, हूनार न्हाई. घिऊन या, मशीन लावतो.”

भिवाजी जवळजवळ पळतच मागच्या अंगणात गेला. पल्लवी कपडे वाळत घालत होती. त्यानं एका दमात सगळं सांगितलं. हात नाही, किल्ली! खोली नको बघूस! त्याला वाटलं होतं, पोरगी हसेल, निदान सुटकेचा श्वास तरी सोडेल.

पल्लवीनं हातातली चादर पिळली, झटकली, दोरीवर टाकली.

“मामा, आठवडाभर रोज तुम्ही माझी किल्ली काढून तुमची लावलीत. एकदा तरी म्हणालात का, की ही घे, माझ्या किल्लीनं बघ?”

“ध्यानातच आलं न्हाई गं.”

“ध्यानात कसं येईल? चूक माझ्या हाताची, हे सगळ्या घराला पटलंच होतं. मलासुद्धा पटायला लागलं होतं. किल्लीवर संशय यायला तुमचा हात फसावा लागला.” तिनं रिकामी बादली उचलली. “खोली बघणार आहे मी उद्या.”

भिवाजी तिथंच उभा राहिला. किल्लीचं कोडं सुटलं होतं, मग सगळं आधीपेक्षा अवघड का झालं? दुपारी मृण्मयी त्याच्या पोटावर झोपली, तेव्हा त्याला पल्लवीचं बोलणं हळूहळू कळत गेलं आणि लाज वाटली. चांगलीच वाटली.

सोमवारी पहाटे पल्लवी बाहेर आली तेव्हा भिवाजी गाडीपाशी उभा होता. त्यानं बंडीच्या खिशातली किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. ती आत बसली. तेवढ्यात पारू लिंबू घेऊन आली, सुनेच्या हातावरून उतरून चाकाखाली ठेवायला. पाण्याला निघालेल्या बायका नेहमीप्रमाणं थांबल्या.

“ते लिंबू घरात न्ये आन सरबत कर,” भिवाजी म्हणाला. बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला. “हिच्या हाताला कायबी झालं नव्हतं. मेकॅनिकनं दोन किल्ल्या आन म्हनून सांगितलं, मी येकच न्हेली. वर आठ दिस हितं मिरवलो. चूक माजी हाय. ह्या पोरीची न्हाई.”

पारूनं तोंडाला पदर लावला. बायकांपैकी एकीची घागर उगीचच खणखणली.

पल्लवीनं किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. ती लगेच निघाली नाही; तिनं काच खाली केली.

“मामा, मृण्मयीला दुपारी लवकर झोपवा,” ती म्हणाली. “मी खोली बघायला थांबत नाही, चारला घरी येते.”