आजच भरलेलं पाणी

इलिंकाच्या आठव्या वाढदिवसाला तिच्या वर्गातल्या पाच मुली आमच्याकडे आल्या, त्या मुख्यतः चुबरसाठी. माझ्या मुलानं मागच्या उन्हाळ्यात इटलीहून येऊन अंगणात बसवलेला हा गोल लाकडी टब. सहा माणसं गळ्यापर्यंत बसतील एवढा, बाजूला लाकडं घालायची भट्टी, वर जड झाकण. गावात असे चार-पाच आहेत, पण ते पाहुण्यांना भाड्यानं द्यायचे. आमचा घरचा. आईबाप तिकडे कामाला आणि पोर आमच्यापाशी; तिला मिरवायला तेवढीच एक जागा.

मी चौतीस वर्षं गावच्या दवाखान्यात नर्स होते. शाळेतल्या पोरांची नखं, दात, डोकी मीच तपासायची. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गाव मला सिस्टरच म्हणतं. म्हणून मुलींना सोडायला आलेल्या आयांसमोर मी दारातच नियम सांगितले. पाणी छत्तीस अंशांच्या वर जाणार नाही. दहा मिनिटं झाली की बाहेर. केस वर बांधायचे, डोकं पाण्याखाली घालायचं नाही. पायरीवरून एकेकीनं उतरायचं, भट्टीच्या बाजूला फिरकायचं नाही. आणि मी तिथून हलणार नाही, फोन वाजला तरी.

"सिस्टर, तुमच्याकडे पोर सोडली की आम्ही निर्धास्त," कोर्नेलिया म्हणाली. तिची बेकरी आहे आणि अर्ध्या गावाच्या बातम्या तिच्या पावाबरोबरच घरोघरी जातात. "पाणी कधीचं आहे?"

"आजच भरलंय," मी म्हणाले.

भरलं होतं नऊ दिवसांपूर्वी, वर्षअखेरीच्या दुपारी. त्या दिवशी माझे दोन दीर, जावा, शेजारचा एक जण, सगळे त्यात तासन्‌तास बसले होते, हातात दारूचे पेले घेऊन. आमच्या चुबरला गाळणी नाही. बसून झालं की पाणी सोडून द्यायचं, फळ्या घासायच्या, हे मला माहीत होतं. पण थंडीनं नळ गोठला होता आणि विहिरीवरून दोन हजार लिटर ओढायला अर्धा दिवस गेला असता. माझा नवरा गाव्रिल वाढदिवसाच्या आदल्या दिवशी म्हणालाही होता, "रिकामा करतो मी."

"कशाला? तापवल्यावर काय जिवंत राहतं त्यात?"

"तापतं कुठे, साविना? कोमट होतं."

"तू लाकडं फोड. दवाखान्यात मी होते, तू नव्हतास."

मुली बसल्या. मी हातात घड्याळ धरून उभी होते. फ्लोआरियाची मादालिना सगळ्यांत शेवटी उतरली, आईच्या जुन्या पोहायच्या कपड्यांना टाके घालून बेतलेलं काहीतरी घालून. फ्लोआरिया लाकडाच्या गिरणीत झाडलोट करते, गिरणीपलीकडच्या एकाकी घरात राहते. इलिंकानं हट्ट धरला म्हणून बोलावलं होतं. दहा मिनिटं झाल्यावर मी प्रत्येकीला टॉवेलात गुंडाळून आत नेलं. कुणी घसरलं नाही, कुणाला चक्कर आली नाही. मी स्वतःवर खूश होते.

दोन दिवसांनी आंघोळ घालताना इलिंकाच्या पोटावर लाल पुरळ दिसलं. पाठीवर, कमरेवर, मांड्यांच्या वर. जिथे ओले कपडे अंगाला चिकटून होते नेमकं तिथे. खाजवून खाजवून दोन-चार पुटकुळ्यांत पू धरला होता. मी बराच वेळ बघत राहिले. मग तिला लांब बाह्यांचा स्वेटर घातला आणि म्हणाले, "लोकरीनं होतं असं. शाळेत कुणाला दाखवू नकोस."

दुपारी कोर्नेलियाचा फोन. "सिस्टर, माझ्या पोरीच्या अंगभर उठलंय. त्या दोघी जुळ्या बहिणींच्याही. खरूज असणार. आणि आणली कुणी ते सांगायला नकोच, नाही का? गिरणीपलीकडून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्हाला काय वाटतं? होऊ शकतं ना?"

"होऊ शकतं," मी म्हणाले.

दोनच शब्द. ते संध्याकाळपर्यंत, 'सिस्टर स्वतः म्हणाल्या' असे होऊन गावभर फिरले. दुसऱ्या दिवशी बाईंनी मादालिनाला मागच्या बाकावर एकटीला बसवलं. तिसऱ्या दिवशी ती शाळेत आलीच नाही.

चौथ्या दिवशी फ्लोआरिया माझ्या दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही. तिच्या हातांची सालं निघाली होती. घरातली अंथरुणं, कपडे, पडदे, सगळं तिनं दोन दिवस उकळून काढलं होतं.

"सिस्टर, गंधकाचं मलम लावतेय, दिवसातून तीनदा. तरी जात नाही. उलट कातडी भाजल्यासारखी झालीय. पोर रात्रंदिवस रडते. तुम्ही एकदा बघाल का? लोक म्हणतात माझ्याच घरातून गेलं. मी घर स्वच्छ ठेवते हो. देवाशपथ ठेवते."

ती खाली बघत बोलत होती आणि मला एकदम ती तिसरीतली दिसली. शाळेच्या ओसरीत मी पोरांची रांग लावली होती. हिच्या डोक्यात उवा सापडल्या. मी तिला दंडाला धरून रांगेबाहेर काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही वेगळी उभी राहील." त्या दिवशीही ती अशीच खाली बघत होती. मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. मी माझं काम केलं होतं.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. बाहेर पडलं ते एवढंच, "मलम थांबव. उद्या आपण तिला तालुक्याच्या डॉक्टरकडे नेऊ. गाव्रिल गाडी काढेल."

"तुम्ही याल?" तिनं माझा हात धरला. "देव तुमचं भलं करो."

ती गेल्यावर मी अंगणात आले. गाव्रिलनं न विचारता चुबरचं बूच काढलं होतं. पाणी बर्फावरून वाहून चाललं होतं, आंबूस वासाचं. तो आत उतरून बाकाच्या खालच्या फळीवरून हात फिरवत होता. मग त्यानं तळवा माझ्यासमोर धरला. हिरवट, बुळबुळीत थर. त्यानं ब्रश घेतला आणि घासायला लागला.

डॉक्टर त्सिप्ले तरुण माणूस. शिकाऊ असताना सहा महिने माझ्या हाताखाली होता. मला बघून खुर्चीतून उठला. मादालिनाची पाठ बघितल्यावर त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मलमानं कातडी जागोजाग सोलवटली होती.

"खरूज नाही ही. बोटांच्या बेचक्यांत काहीच नाही. ही कुठल्या गरम पाण्यात बसली होती का? टब, हौद असं काही?"

"हो," फ्लोआरिया पटकन म्हणाली, "सिस्टरांकडे, वाढदिवसाला. पण त्याचा संबंध नाही, डॉक्टर. त्यांच्याकडे सगळं नियमानं चालतं. पाणी त्या दिवशीच भरलेलं होतं."

माझ्या वतीनं ती किती ठामपणे बोलली! तोंडावर कुणी थुंकलं असतं तरी मला इतकी लाज वाटली नसती.

"त्या दिवशीचं नव्हतं," मी म्हणाले. "नऊ दिवसांचं होतं. आधी मोठी माणसं बसून गेली होती. मी खोटं बोलले."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता, फ्लोआरियाला समजावून सांगितलं: कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात, केसांच्या मुळाशी शिरतात, मुलांच्या कातडीला लवकर धरतात. बहुतेक आठवडाभरात आपोआप जातं. भाजलेल्या जागेला मात्र वेळ लागेल. मग मला विचारलं, "बाकीच्या मुलींच्या घरी माहीत आहे?"

"नाही."

"पू झाला असेल तर औषध लागेल. आजच कळवा, सिस्टर." सिस्टर हा शब्द त्यानं फार हळू उच्चारला.

परतीच्या वाटेवर गाडीत मादालिना आईच्या मांडीवर पालथी झोपली होती. गावाची पाटी आली तेव्हा मी म्हणाले, "मी घरोघरी जाऊन सांगते. प्रत्येकीला बसून नीट समजावते."

"नको," फ्लोआरिया म्हणाली. "घरात सांगितलेलं घरातच राहतं. उद्या सकाळी शाळेच्या फाटकापाशी सांगा. सगळ्या असतात तेव्हा. मोठ्यानं. तसं बोलता येतं तुम्हाला."

तिला ती रांग आठवत होती. ती विसरली असेल असं इतकी वर्षं मी का धरून चालले होते?

त्या संध्याकाळी मी तिन्ही घरी फोन करून औषधाचं सांगितलं, आणि सकाळी फाटकापाशी गेले. फ्लोआरिया रस्त्याच्या पलीकडे मुलीचा हात धरून उभी होती. मी म्हणाले की पुरळ माझ्या चुबरमधून आलं, पाणी शिळं होतं, मी ताजं आहे असं खोटं सांगितलं. मादालिनाच्या घराचा काही संबंध नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, इलिंकाचं अंग बघितलं तेव्हापासून.

"पहिल्या दिवसापासून?" कोर्नेलिया म्हणाली. "आणि फोनवर मला काय म्हणालात?"

"होऊ शकतं म्हणाले."

"माझी पोर चार रात्री झोपली नाही, सिस्टर! आणि मी त्या बिचारीबद्दल गावभर काय काय बोलत सुटले!" ती रडायलाच लागली. बाकीच्यांनी आपापल्या मुलींना जवळ ओढलं. माझ्याशी कुणी भांडलं नाही. एकेक करून निघून गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुली बऱ्या झाल्या. कोर्नेलियाच्या मुलीला आठ दिवस गोळ्या घ्याव्या लागल्या. मादालिना पुन्हा पुढच्या बाकावर बसू लागली, पण तिच्या पाठीवर तळव्याएवढा फिकट डाग राहिलाय. पुढच्या वर्षीपर्यंत जाईल, असं डॉक्टर म्हणतो. गावातल्या दोन बायका अजूनही पुटपुटतात, सिस्टर काहीही म्हणोत, त्या घरापासून जरा लांबच बरं. माझ्या तोंडून निघालेलं मला पूर्ण परत घेता आलेलं नाही.

गाव्रिल आता प्रत्येक वेळी चुबर रिकामा करतो आणि दोन दिवस उघडा ठेवून वाळवतो. त्यात आम्ही तिघंच बसतो. मागच्या रविवारी चर्चबाहेर मी फ्लोआरियाला गाठलं आणि मादालिनाला आमच्याकडे खेळायला पाठवशील का, असं विचारलं.

तिनं जरा विचार केला. "इलिंकाला आमच्याकडे पाठवा," ती म्हणाली. "आमच्याकडे पाठवायला तुमची हरकत नसेल तर."

"काही हरकत नाही," मी म्हणाले. ते म्हणतानाही मला तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.