सहा नंबरची खाट

लढाईच्या दिवसांत कर्जतला एका शेटजींनी बांधलेलं बायकांचं छोटं इस्पितळ होतं. दहा खाटा, वर लाकडी माळा. भागूबाई तिथे आया होती. आग लागली तर कुणाला कसं बाहेर काढायचं, हे डॉक्टरीणबाईंनी ठरवून दिलेलं. भागूबाईला अक्षर येत नव्हतं, म्हणून दाराशी टांगलेल्या पाटीवर ती खाटेच्या आकड्यापुढे खुणा करी. चालू शकणारीला रेघ, उचलून न्यावी लागे तिला गोळा. तब्येत पालटली की खूण लगेच पालटायची. दोन वर्षांत तिची एकदाही चूक झाली नव्हती.

सहा नंबरच्या खाटेवर तिची भाची मैना होती, खालापूरच्या धाकट्या बहिणीची, ठमीची, एकुलती एक लेक. नवरा पलटणीत. मुलगा होऊन चार दिवस झालेले. सकाळी ती ओटीवर फिरतही होती, म्हणून पाटीवर तिच्यापुढे रेघ होती; पण दुपारी तिला हुडहुडी भरली.

"मावशे, पायात जीवच नाय गं."

"पड तू. मी हाय ना."

भागूबाईने तिला घोंगडी पांघरली आणि पाटीकडे वळली. तेवढ्यात तीन नंबरच्या बाईने पाणी मागितलं. मग राहून गेलं ते राहूनच गेलं.

तीनच्या सुमारास हत्यारं उकळायचा स्टो भडकला. पडदा पेटला, तिथून आग माळ्याला लागली. भागूबाईच्या वाट्याला तान्ही पोरं होती. टोपल्यांत घालून तिने ती मागच्या दाराने बाहेर नेली. पुढच्या बाजूने डॉक्टरीणबाई आणि कंपाउंडर नागू पाटीवरचे गोळे बघून बायकांना उचलत होते; रेघवाल्या आपापल्या पायांनी बाहेर पडत होत्या.

"सगळ्या आल्या!" डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. भागूबाईच्या जिवात जीव आला.

मैनाचं पोर भुकेने रडायला लागलं. त्याला आईकडे पाजायला द्यावं म्हणून भागूबाई पुढच्या अंगणात गेली. एकेका बाईचं तोंड बघत गेली. मैना नव्हती.

"नागू, माझी पोर आत हाय रं!"

नागू ओलं कांबळं घेऊन घुसला. मैना खाटेपासून सरपटत दारापर्यंत आलेली होती. अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती, पण धुराने तिचा जीव घेतला होता.

ठमी दुसऱ्या दिवशी पहाटे बैलगाडीने आली. "चूक माझी, मी मोजायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण नदीकाठचे विधी उरकल्यावर भागूबाईने बहिणीला बाजूला बसवून सगळं सांगितलं.

"एक गोळा काढायचा व्हता गं. माज्याकडनं राहिला."

ठमीने विचारलं, "किती वेळ लागतो, अक्का, त्याला?"

ठमीने मारावं, शिव्या द्याव्यात, असं भागूबाईला वाटत होतं. ठमीने नातवाला पदराखाली घेतलं आणि ती गाडीत बसली.

भागूबाई गाडीमागून चालू लागली. ठमीने तिला वर ये म्हटलं नाही, माघारी जा असंही म्हटलं नाही. गाव मागे पडलं तरी ती तशीच चालत होती.