नायकाचा नमस्कार

युद्धाच्या दिवसांत, जपानी राजवटीतल्या सोलमध्ये बाबांना जपानीतच कथा लिहाव्या लागत. एका कथेतला कोरियन तरुण जपानी नाव घेतो आणि जपानी देवळापुढे गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावतो.

सेन्सॉरकडे जाण्याआधी ती कथा बाबांचे जपानी लेखकमित्र कुवाबारा यांनी आमच्या घरी वाचली.

"अहो मिन, तिथे उभ्यानेच वाकतात. असा नमस्कार तुम्ही कोरियन मेलेल्या बापाला करता. तुमच्या नायकाला सुतक आहे की काय?"

बाबा ती ओळ पुन्हा वाचू लागले.

"चूक असेल तर खोडा. नाहीतर पकडून नेतील."

"आणि चूक नसेल तर?"

कुवाबारांनी दाराकडे पाहिलं. "माझे नायक अगदी बरोबर वाकतात," ते हळूच म्हणाले, "पण वाटत एकालाही काही नाही."

बाबांनी ओळ तशीच ठेवली. आईने त्यांचे लोकरीचे मोजे गाठोड्यात बांधले.