वाफवलेली माती

माझी उभी हयात ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. जंतू दिसला नाही तरी तो आहेच असं धरून चालायचं, ही माझी शिस्त. हॉस्पिटलात मला स्पिरिटबाई म्हणायचे, पण तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. निवृत्त झाले आणि नवऱ्याच्या रोपवाटिकेत शिरले. पाहते तर काय, जिकडेतिकडे माती!

हे तेव्हा पाइनचं बी पेरत होते. आधीच्या दोन खेपा बुडाशी सडून गेल्या होत्या. ही तिसरीही गेली तर गाशा गुंडाळतो आणि लेकीकडे जाऊन बसतो, म्हणाले. नुसतं बसून हा माणूस आठवड्यात खंगला असता. मी बाह्या सरसावल्या आणि ह्यांना न विचारता सगळी माती पातेल्यात घालून वाफवून काढली. औषधालाही जंतू ठेवला नाही.

बी झकास उगवलं. मी मिरवून घेतलं. मग रोपं बोटभर उंचीवर अडली आणि पिवळी पडली. खत, पाणी, सावली, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी वन्संना फोन लावला. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. आधी पोटभर हसल्या, मग म्हणाल्या की पाइनच्या मुळांना एक बुरशी लागते. ती मुळांना बिलगून राहते, दूरवरून पाणी नि खनिजं आणून देते आणि बदल्यात रोपाकडून साखर घेते.

"वहिनी, तुम्ही रोगाबरोबर रोपांचा स्वयंपाकीही मारलात."

उपाय म्हणजे जुन्या पाइनखालची माती. शहरात तसं झाड एकच, आमच्या हॉस्पिटलच्या आवारात. भर दुपारी तिथे गुडघे टेकून मी कोपरापर्यंत हात घातले. वाळक्या पानांखाली माती भुसभुशीत, तिच्यात पांढरे धागे, आणि वास असा की मला हसूच आवरेना. तेवढ्यात बडे सर्जनसाहेब आले. नख वाढलं म्हणून त्यांना मी एकदा थिएटरबाहेर काढलं होतं.

"सिस्टर, हे काय?"

"जंतू नेतेय. पिशवी धरा."

त्यांनी निमूटपणे धरली.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण ते म्हणाले, तू वाफवलीस म्हणून निदान सडली तरी नाहीत. मग दोघांनी मिळून कुंडीकुंडीत मूठमूठ माती घातली.

कित्येक आठवडे ढिम्म काही झालं नाही. आणि एका सकाळी शेंडे हिरवे! ह्यांनी एक कुंडी उलटी केली, तर मुळांच्या टोकांवर पांढरं मऊ आवरण. आम्ही त्या वयात कुंड्यांच्या रांगांमधून अक्षरशः नाचलो. दम लागला तरी थांबलो नाही.

त्यातच लेकीचा फोन आला. खोली तयार आहे, कधी येताय?

"नाही जमायचं गं," हे म्हणाले. "तुझ्या आईने बुरशी पाळलीय."

पलीकडून हळूच, "बाबा, आई बरी आहे ना?"

मी फोन हिसकावून घेतला आणि सांगितलं, इतकी बरी मी जन्मात कधी नव्हते.