काचेवरच्या नऊ चेटकिणी

नऊ वाजेपर्यंत अंथरुणात लोळायचं आणि उठल्यावर दुसऱ्याच्या दुकानाची काच बदलायला सांगायची, हे कुठलं वागणं? त्रेपन्न वर्षांची झाली तरी मार्लिसला कळत नव्हतं, की आईच्या दुकानात आईला विचारल्याशिवाय मिठाचा डबासुद्धा हलवायचा नसतो. आणि हिने तर गुरुवारी थेट फोन उचलला, काचवाल्या क्लीटला दर्शनी काचेचं माप दिलं आणि मग येऊन आईला सांगितलं.

"सोमवारी सकाळी नवी काच येतेय. दुहेरी. तिच्यावर वाफ धरत नाही. थंडीत बाहेरून तुझे डोनट नीट दिसतील."

"माझे डोनट दिसावे लागत नाहीत. वास पुरतो," अर्वेला म्हणाली.

"वाढदिवसाची भेट समज, आई."

"भेट म्हणे! माझ्याच दुकानाला भोक पाडायचं आणि वर त्याला रिबीन बांधायची!"

मार्लिस हसली, कॉफीचा मग उचलून जिना चढून गेली. अर्वेला पिठाच्या हातांनी तशीच उभी राहिली. त्या काचेत काय आहे ते गावात तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. मार्लिसला तर नव्हतंच, आणि सोमवारी क्लीट ती काच फोडून ट्रकमध्ये टाकणार होता.

ओहायोतल्या या गावात पूर्वी हॅलोविनला, ऑक्टोबरअखेरच्या त्या भुताखेतांच्या सणाला, पोरं दुकानांच्या काचांना साबण फासायची. दुकानदार घासघासून थकले, मग एका वर्षी त्यांनीच पोरांच्या हातात ब्रश दिले. फासायचंच आहे ना, मग चित्रं काढा! तेव्हापासून ऑक्टोबर लागला की मेन स्ट्रीटवरची एकेक काच एकेका पोराच्या वाट्याला यायची. अट एवढीच, की दोन नोव्हेंबरपर्यंत काच लख्ख झाली पाहिजे.

अर्वेलाच्या दुकानाची काच मार्लिसची. वयाच्या नवव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत, दर साली एक याप्रमाणे नऊ चेटकिणी तिने तिथे काढल्या. तिची रीतही तिचीच. रंग सगळी पोरं देत तसा बाहेरून द्यायचा, पण त्याआधी आतल्या बाजूने मेणाने रेघा ओढून ठेवायच्या. जॅमच्या बरण्यांची तोंडं बंद करायला अर्वेला जे मेण वितळवायची, त्यातलाच तुकडा पोरगी लांबवायची. पाऊस आला, रंग ओघळला, तरी चित्र कुठे होतं ते त्या रेघा बोटांनी चाचपून कळायचं.

आणि अर्वेला? एक नोव्हेंबरला उजाडायच्या आत ती बादली घेऊन बाहेर. शाळेचं तोंड तिने सहावीपुढे पाहिलं नव्हतं, पण काच धुण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं, आणि हे ती दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर दोघी-तिघींना ऐकवायचीच. पहिल्या वर्षी मार्लिस झोपेतून उठून खाली आली, तोवर तिची चेटकीण गटारातून वाहून गेली होती. पोरगी पायरीवर बसून ढसढसा रडली. अर्वेलाने तिच्या हातात गरम डोनट ठेवला. "पुढल्या वर्षी दुसरी काढ," म्हणाली आणि कामाला लागली.

मग दोन आठवड्यांनी गावात पहिलं हिव पडलं. पहाटे साडेचारला अर्वेलाने तेल तापत ठेवलं, बाहेरची थंडी आणि आतली ऊब भिडली, आणि काच घामेजली. सगळीकडे पांढरं धुकं धरलं, पण मेणाच्या रेघांवर धरेना. त्या धुक्यातून आधी टोपीचं टोक आलं. मग नाक. मग झाडूवर मागे बसलेलं, डोळे वटारलेलं मांजर. धुऊन टाकलेली चेटकीण जशीच्या तशी काचेत उभी राहिली, आणि रेघांच्या फटींतून रस्त्यावरचा पिवळा दिवा असा चमकला, जणू तिच्या अंगात उजेड भरला होता.

अर्वेलाचा झारा हातातच राहिला. आयुष्यात ती कोणाला भ्यायली नव्हती, नवऱ्यालाही नाही आणि पाद्र्यालाही नाही. त्या पहाटे मात्र तिने डोक्याचा रुमाल काढला, का काढला ते तिलाही कळलं नाही, आणि दुकान गरम होऊन काच कोरडी होईस्तोवर ती तिथेच उभी राहिली.

त्या दिवसापासून काचेला आतून तिने ओलं फडकं लावलं नाही. नुसती कोरड्या पिसांनी धूळ झटकायची. नऊ वर्षांच्या नऊ चेटकिणी एकीवर एक चढत गेल्या, आणि दर हिवाळ्यात पहाटे अर्धा तास उठून बसायला लागल्या. गाव म्हणे, काच असावी तर अर्वेलाची! आणि ती काच आतून चव्वेचाळीस वर्षं धुतलीच नव्हती. हे कोणत्या तोंडाने सांगायचं? लेकीलासुद्धा?

आता सांगणं भाग होतं. मार्लिस शिकागोत मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायची, पण दोन वर्षं तिने कागदाला पेन्सिल लावली नव्हती. वसंतात ती सामान घेऊन घरी आली ती आलीच. गावाने यंदा तिला काच रंगवायची गळ घातली, तर म्हणाली, माझा हात मेलाय. पेन्सिली डब्यात घालून डबा तिने माळ्यावर टाकला होता. अर्वेलाने तो पाहिला होता.

सोमवारी पाचच्या ठोक्याला अर्वेलाने तिचं पांघरूण ओढलं.

"आग लागली का?"

"लागली असती तर बरं झालं असतं. निदान उठली असतीस. चल खाली!"

डोळे चोळत मार्लिस खाली आली आणि आईने बोट दाखवलं त्या काचेकडे बघत राहिली. बघण्यासारखं काहीच नव्हतं. ऑक्टोबर संपत आला होता, पण रात्रीतून दक्षिणेचा वारा सुटला होता. बाहेर जूनसारखी ऊब, आणि काच कोरडी ठणठणीत.

"स्वच्छ काच," मार्लिस म्हणाली. "ती दाखवायला उठवलंस? ती तर तू मला जन्मभर दाखवतेयस, आई. मी उठायच्या आत माझं चित्र पुसायचीस. अख्ख्या रस्त्यात पहिली! बाकीच्यांच्या आया दोन तारखेपर्यंत थांबायच्या गं."

असं ती कधी बोलली नव्हती. अर्वेलाने दोन मोठ्या पातेल्यांत पाणी उकळायला ठेवलं, तेलाच्या कढया तापत ठेवल्या. वाफ छताला लागली, आरशावर धरली, मार्लिसच्या चष्म्यावर धरली. काचेवर मात्र थेंब नाही.

"काय चाललंय तुझं? क्लीट सातला येईल."

काच थंड पाहिजे, एवढं अर्वेलाला कळत होतं. सफरचंदाच्या रसाच्या बाटल्या ज्या टबात बर्फ घालून ठेवलेल्या असत, तो तिने रिकामा केला, बर्फाच्या पाण्याची बादली भरली आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती बाई चपला फटफटवत रस्त्यावर गेली.

"आई! न्यूमोनिया होईल!"

पहिली बादली काचेवर आदळली. दुसरी फेकताना अर्वेलाचा अर्धा झगा भिजला. तिसऱ्या बादलीला आतली मार्लिस धूसर व्हायला लागली. आधी खांदे गेले, मग केस, मग सगळीच पांढऱ्यात बुडाली. आणि त्या पांढऱ्यात रेघा उघडल्या. एकाच वेळी सगळ्या. नऊ टोप्या, नऊ झाडू, मांजरं, वटवाघळं, एकात एक तीन चंद्र. बाहेरून अर्वेलाला लेकीचा चेहरा दिसला तो त्या रेघांमधून. नऊ चेटकिणींच्या मधोमध मार्लिसचा एक डोळा, तिची हनुवटी, आणि उघडं राहिलेलं तोंड.

अर्वेला आत आली. झग्यातून पाणी ठिबकत होतं. तेलाचा बारीक आवाज तेवढा येत होता. चव्वेचाळीस वर्षं पाहिलेलं चित्र, पण आज तिच्याही अंगावर काटा आला, कारण आज ते जिचं होतं तिने पाहिलं.

"हिला सहा बोटं," मार्लिस हलक्या आवाजात म्हणाली. "मोजता येत नव्हतं का मला?"

"येत होतं. तुला एक बोट जास्त आवडायचं."

"आणि ही पोस्टमनची टोपी घातलेली मांजर! आई, मी विसरले होते. सगळं विसरले होते." तिने बोट पुढे केलं आणि काचेला न लावता मागे घेतलं. "तू... आतून कधीच धुतली नाहीस?"

"गावात बोललीस तर जीभ हासडीन."

मार्लिस हसता हसता रडली. मग ती खाली वाकली. शेवटची, सतराव्या वर्षाची चेटकीण कोपऱ्यात होती, आणि तिला चेहराच नव्हता. शिकागोला जायच्या घाईत राहून गेला होता. मार्लिसने न बघता मागच्या फळीवर हात घातला. जॅमच्या बरण्यांशेजारी मेण अजून तिथेच असायचं. काच कोरडी पडायला लागली होती, म्हणून ती भराभर काढत गेली. मेण काचेवर किरकिरत होतं. कपाळ, डोळे, आणि मोठं, मधे वाकलेलं, शेंड्याला फुगलेलं नाक.

दार वाजलं. क्लीट नवी काच ट्रकवर बांधून आला होता.

"काढायला घेऊ ना?"

"हात लावलास तर याद राख," मार्लिस त्याच्याकडे न वळता म्हणाली.

क्लीटने अर्वेलाकडे पाहिलं. अर्वेलाने त्याच्या हातात गरम डोनट दिला आणि दार लावून घेतलं. मग चष्मा पुसून ती त्या नाकाकडे बराच वेळ बघत राहिली, आरशात बघावं तसं.

"दोन वर्षं हात मेला, हात मेला म्हणून माझं डोकं खाल्लंस," ती म्हणाली. "मेलेल्या हाताने माझं नाक एवढं हुबेहूब निघतं? तुझ्या हाताला काही झालेलं नाही, मार्लिस. तू झोपाळू आहेस, एवढाच तुझा रोग. माळ्यावरचा डबा काढ, आणि उद्यापासून साडेचारला खाली ये."