चार बोटं खाली

सहा वर्षांत पाच विजेतेपदं मिळवून देणाऱ्या शिडीला त्या आठवड्यात एक स्मॅश धड मारता येईना. शिडी हे नाव उंचीमुळं पडलेलं, पण खरी कमाल तिच्या उडीची होती. परवा संघाची निवड व्हायची होती. वय चौतिशीला टेकलेलं, आणि यंदा नाव वगळलं की पुन्हा कोणी विचारणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. व्हॉलीबॉलशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं. चहासुद्धा आईच करून द्यायची.

नेटजवळून चेंडू उचलून देणारी सेटर नवी होती, एकोणीस वर्षांची. तिचा चेंडू शिडीच्या बोटांवरून निघून जायचा, नाहीतर नखाला चाटून नेटमध्ये पडायचा. शिडीनं सगळ्यांदेखत तिची खरडपट्टी काढली. पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "ताई, बाकीच्यांना हाच बॉल लागतोय." उलट बोलते म्हणून शिडी आणखीच भडकली. सर शिट्टी दातात धरून खाली बघत राहिले.

दुपारी तिनं जुन्या सेटरचं दुकान गाठलं. तिला सगळे बडबडी म्हणायचे, अर्थात चेष्टेनं. अख्ख्या सामन्यात ती दहा शब्द बोलली तर शपथ. मागच्या विजेतेपदानंतर खेळ सोडून ती कपडे कमीजास्त करून द्यायचं काम करत होती. आत्ताही एका पँटची शिवण उसवत बसली होती.

"तू सरांना सांग," शिडी टेकायच्या आधीच म्हणाली. "त्या कार्टीला बॉल देता येत नाही म्हणून. तुझं ऐकतील ते."

"मी काल येऊन बघितलं. बरोबर देते ती."

"माझ्या हाताला लागत नाही आणि बरोबर?"

बडबडीनं पँट बाजूला ठेवली. "तू पूर्वी उडायचीस तिथं देते."

"मग तू कुठं देत होतीस?"

"चार बोटं खाली. आणि जरा लवकर. समोरच्या अडवायला येईपर्यंत तू मारून मोकळी व्हायचीस."

शिडी हसली, पण बडबडी हसेना. "कधीपासून?" शिडीनं विचारलं.

"तुझा गुडघा दुखायला लागल्यापासून. तीन वर्षं झाली. एकदम नाही, आधी एक बोट, मग दोन."

तीन वर्षांत दोन विजेतेपदं होती. शिडीला वाटत होतं, आपण दुखण्याला पुरून उरलो. मुलाखतीतही तिनं तेच सांगितलं होतं, तेही ऐटीत. तिला बडबडीचा असा राग आला की शिलाई मशीन उचलून फेकावं. आणि लाजही वाटली, कारण तिच्यासाठी एवढं कुणीच केलं नव्हतं.

"सरांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

बाहेर गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. बडबडीनं त्याला थोड्या वेळानं या म्हणून सांगितलं. शिडी मशीनवरचा दोरा बोटाला गुंडाळत आणि सोडत बसली होती. आजवर तिनं कुणापुढं हात पसरला नव्हता, पंचांपुढंसुद्धा नाही.

"परवा ये ना," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "निवडीपुरतं. अजून दोन बोटं खाली दिलास तरी चालेल. मी मारीन."

बडबडीनं तिच्या बोटावरचा दोरा सोडवून घेतला.

"ताई," ती म्हणाली, "त्याच्याखाली नेट आहे."